दार लावून घेतल्यावर

एकांतातल्या प्रार्थनेवर मी कितीतरी संदेश ऐकले आहेत. ती का करावी, कधी करावी, तिने काय आशीर्वाद मिळतो, सगळं ऐकलं. पण दार लावून एकटं बसल्यावर माणसाचं नेमकं काय होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. मी त्यातून गेले, अजून जाते आहे, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी शब्द संपतात. प्रार्थनासभेत मला कुणी प्रार्थना करायला सांगितलं तर कधी अडलं नाही. आधी स्तुती, मग उपकारस्मरण, मग आजारी माणसं, प्रवासात असलेले, परीक्षेला बसलेली मुलं, आणि शेवटी येशूच्या नावाने आमेन. ही वाट पायाखालची होती. त्या प्रार्थना खऱ्या मनाने केलेल्या होत्या आणि मंडळीला त्यांची गरज असते. पण तीच वाक्यं बंद खोलीत एकटीने म्हणायला लागले आणि थोड्याच वेळात थांबले. ऐकणारं कुणी नाही, मागून ‘आमेन’ म्हणणारं कुणी नाही. मग हे वाक्य पुरं करायचं ते कुणासाठी? ‘देवासाठी’ हे उत्तर मला पाठ होतं. उत्तर पाठ असणं वेगळं आणि त्या उत्तरापुढे गुडघे टेकून बसणं वेगळं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू तीन गोष्टींबद्दल एकाच रीतीने बोलतो: दानधर्म, प्रार्थना आणि उपास. तिन्ही ठिकाणी तो म्हणतो की लोकांनी पाहावं म्हणून जे करतात ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. प्रार्थनेबद्दल सांगताना तो खोलीत जायला सांगतो, दार लावून घ्यायला सांगतो, आणि जो पिता गुप्तपणे पाहतो त्याच्याशी बोलायला सांगतो. यात सामुदायिक प्रार्थनेला मनाई नाही. पहिली मंडळी एकत्र जमून प्रार्थना करत असे हे प्रेषितांच्या कृत्यांत स्पष्ट लिहिलं आहे. आणि दार लावायला सांगितल्यानंतर लगेच जी प्रार्थना प्रभू शिकवतो, तिच्यात एकट्याने बसूनही भाकर मागायची ती सगळ्यांसाठी. मला वाटतं, दार लावायचं ते माणसांना मनाबाहेर काढण्यासाठी नव्हे. माणसांच्या नजरेसाठी आपण जे धरून ठेवलेलं असतं, ते सुटावं म्हणून लावायचं.

मी या वाटेला लागले ती बाबा गेल्यानंतर. त्यांचं शेवटचं आजारपण फार लांबलं. रात्रीची जागरणं, अंथरूण बदलणं, औषधांच्या वेळा, सगळं माझ्यावर होतं. शेवटी शेवटी ते मला ओळखेनासे झाले. दादा आला नाही. फोनवर म्हणायचा, “मी प्रार्थना करतोय.” आला तो थेट दफनविधीच्या दिवशी. पाळकांनी सांगितलं तेव्हा पुढे होऊन त्याने प्रार्थना केली. फार सुंदर प्रार्थना होती. आजूबाजूला लोक हुंदके देत होते. मी त्याच्या शेजारी हात जोडून उभी होते. “बाबांची सेवा करण्याची संधी तू आम्हा भावंडांना दिलीस म्हणून,” असं तो म्हणाला, आणि मी डोळे उघडले. त्याचे मिटलेले होते.

त्यानंतर प्रार्थनेला तोंड उघडलं की मला तो आवाज ऐकू यायचा. प्रार्थनासभेत माझी पाळी आली की मी मानेनेच नको म्हणायची. आमच्या मंडळीत एक वयस्कर मावशी आहेत. त्यांनी ते पाहिलं. उपासना सुटल्यावर माझा हात धरून बाजूला बसवलं.

“घरी करतेस का गं प्रार्थना?”

“बसते, मावशी. पण काही बोलवतच नाही.”

“देवाला काय सांगतेस ते मला नको सांगू. काय सांगायचं टाळतेस तेवढं बघ. तिथून सुरू कर.”

मग त्यांनी पवित्र शास्त्र उघडून मला तीन स्तोत्रं दाखवली: १३, ८८ आणि १०९. ही मोठ्याने वाच म्हणाल्या, मनात नाही. मी त्याआधी स्तोत्रसंहिता वाचलेली नव्हती असं नाही, पण माझी स्तोत्रं ठरलेली होती: २३, ९१, १२१. धीर देणारी. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे, आणि मी त्या हिश्श्याला वळसा घालूनच जात आले होते. तेरावं स्तोत्र अवघं सहा वचनांचं. त्यातल्या पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा एकच विचारतो, किती काळ? तू मला विसरूनच जाणार का, तू तोंड फिरवून किती दिवस बसणार? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. आणि एकशे नवव्यात स्तोत्रकर्ता वैऱ्याची मुलं पोरकी होवोत इथपर्यंत जातो. हे सारं प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे. कुणी ते गाळलं नाही, कुणी ते सौम्य केलं नाही. माझ्या मनातलं त्याहून कडू नक्कीच नव्हतं.

तेव्हा एका संध्याकाळी दार लावून मी मोठ्याने म्हणाले, “देवा, मला दादाचा राग येतो.” आवाज इतका कोरडा निघाला की मी पुन्हा म्हणाले. मग बाकीचं आलं. त्याने माझी माफी मागावी असं मला वाटतं. ती त्याने चारचौघांसमोर मागावी असं वाटतं. त्याने केलेली प्रार्थना तू ऐकली नसशील अशी मी आशा धरते. हे शेवटचं वाक्य तोंडातून निघेपर्यंत मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

पुष्कळ जण विचारतील की देवाला असं बोलावं का. मलाही ती भीती वाटली होती. पण १३९व्या स्तोत्रात म्हटलं आहे की माझ्या जिभेवर शब्द येण्याआधीच तो तुला पूर्ण ठाऊक असतो. प्रभू येशूनेही शिष्यांना प्रार्थना शिकवण्याआधी हेच सांगितलं, की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत आहे. म्हणजे माझ्या बोलण्याने देवाला काही नवीन कळत नाही. तरी बोलायचं, कारण जोवर मी ते बोलत नाही तोवर मी त्याच्यासमोर कुणी वेगळीच बनून बसलेली असते, आणि त्या वेगळ्या बाईची प्रार्थना तो ऐकणार तरी कशी? ती नाहीच ना. मनापासून प्रार्थना म्हणजे भावनांनी भरून येणं असं मी पूर्वी समजायची. रडू आलं की प्रार्थना खरी झाली. आता मला तसं वाटत नाही. कोरड्या डोळ्यांनी म्हटलेलं एक खरं वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं.

पण राग बोलून मोकळं होणं ही फक्त सुरुवात होती. रोज तेच बोलत राहिले असते तर मी रागातच घर केलं असतं. पुढची वाट मला प्रभूच्या प्रार्थनेने दाखवली, आणि ती कशी म्हणावी हे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या एका पत्राने. विटेनबर्गमध्ये लूथरचा पीटर नावाचा एक न्हावी होता. प्रार्थना कशी करू, असं त्याने विचारलं, म्हणून लूथरने १५३५ मध्ये त्याच्यासाठी एक छोटंसं लिखाण केलं. त्यात तो सांगतो की सकाळी पहिलं काम आणि रात्री शेवटचं काम प्रार्थना असू दे, आणि ‘थांब, तासाभराने करू, आधी हे उरकू’ या विचारापासून सावध राहा. चांगल्या न्हाव्याचं सगळं लक्ष वस्तरा आणि केसांवर असतं. तो गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, गळाही कापेल. प्रार्थनेलाही तसंच अख्खं मन लागतं. माझ्या सगळ्यात उपयोगी पडलं ते पुढचं: प्रभूच्या प्रार्थनेतली एकेक विनंती घे, तिच्यावर आपल्या शब्दांत बोल, आणि एखाद्या ठिकाणी पवित्र आत्मा मनाशी बोलू लागला तर बाकीच्या विनंत्या राहू देत. तिथेच थांब, ऐक.

हे किती मोकळं करणारं आहे! मला वाटायचं, प्रार्थना सुरू केली की ती पुरी झालीच पाहिजे. इथे अर्ध्यावर थांबायची मुभा होती. मी एकेक ओळ घेऊ लागले. तुझं नाव पवित्र मानलं जावो, यावर काही दिवस गेले. तुझं राज्य येवो, यावर काही. रोजच्या भाकरीपाशी मी खूप रमले, कारण तिथे आभार मानण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं आणि मी ते विसरले होते. बाबांच्या आजारपणात देवाने कुणाकुणाच्या हातून मदत पाठवली, ती माणसं एकेक करून आठवली.

मग ती ओळ आली: जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे. मी तिथे अडकले. आणि हीच एक विनंती अशी आहे जिच्यावर प्रभू येशूने प्रार्थना संपल्यावर पुन्हा भाष्य केलं आहे: तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. पळवाटच नाही. मंडळीत मी ही ओळ आयुष्यभर सगळ्यांच्या सुरात म्हणत आले होते. एकटीने म्हणताना ती घशातून उतरेना. मी तशीच बसून राहायची. काही वेळा मी प्रामाणिकपणे म्हणायची, “सोडलेलं नाही, देवा. आजही नाही.” आणि उठायची.

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “मग ‘क्षमा केली’ असं म्हणू नकोस. क्षमा करायची इच्छा माग,” म्हणाल्या. “तीही नसेल तर ती इच्छा व्हावी अशी इच्छा माग. जेवढं खरं असेल तेवढंच माग, बाळा. कमी चालेल.”

मी तसंच मागायला लागले. या काळात मन एका जागी राहायचं नाही, ते वेगळंच. दोन वाक्यं झाली की कामं आठवायची, अर्धवट राहिलेली बोलणी आठवायची. पहिल्यांदा मी त्यांच्याशी झुंजायची. पुढे एक जुनी रीत सापडली. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांकडून शिकून योहान कासियन याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिहून ठेवली आहे: ७०व्या स्तोत्राचं पहिलं वचन सतत ओठांवर ठेवायचं. देवा, मला सोडवायला ये, माझ्या मदतीला लवकर ये. पूर्वेकडच्या मंडळ्यांत अशाच रीतीने, प्रभूच्या दाखल्यातल्या जकातदाराच्या विनवणीवर बेतलेली एक प्रार्थना चालत आली आहे: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. मन भरकटलं की मी त्या एका वचनावर परत यायची. आणि जे मनात आलं असेल, काम असो वा माणूस, तेही त्या वचनासकट देवापुढे ठेवायची. ज्या गोष्टी माझं लक्ष ओढून नेत होत्या त्याच बऱ्याचदा माझ्या खऱ्या काळज्या होत्या.

इथे एक शंका मला बराच काळ छळत होती. परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका, असं प्रभूने सांगितलं आहे. मग तेच तेच म्हणणं चुकीचं नाही का? याचं उत्तर मला गेथशेमाने बागेत, प्रभूच्या अटकेआधीच्या प्रार्थनेत मिळालं. मत्तय सांगतो की त्या रात्री प्रभू येशूने तीन वेळा प्रार्थना केली, आणि तिसऱ्या वेळी पुन्हा तेच शब्द बोलला. हा प्याला टळो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. जास्त बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं धरून चालणं, ती बडबड. मन तिथेच अडून आहे म्हणून तेच पुन्हा म्हणावं लागणं हे फार वेगळं. पौलानेही शरीरातला काटा काढावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळालं. मागितलेलं मिळालं नाही म्हणून त्याने ती प्रार्थना वाया गेली असं कुठे म्हटलेलं नाही.

कोरडे दिवस पुष्कळ आले. काही ऐकू येत नाही, काही जाणवत नाही, फक्त बसणं. अविलाची संत तेरेसा प्रार्थनेची एवढी मोठी शिक्षिका, १५१५ ते १५८२ हा तिचा काळ. तिने स्वतःच्या चरित्रात लिहिलं आहे की काही वर्षं प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच तिचं लक्ष असायचं, घड्याळाचे ठोके कधी पडतात याकडे कान असायचे. त्याच प्रकरणात ती म्हणते की प्रार्थना म्हणजे जो आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्यासोबत वारंवार एकांतात बसून केलेलं मैत्रीचं बोलणं. हे दोन्ही एकाच बाईने लिहिलं यानेच मला धरून ठेवलं. अगदीच शब्द नसले तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन होतं: आपण काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः, शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने, आपल्यासाठी विनंती करतो. अशा दिवशी मी ठरलेला वेळ बसून उठायची, आणि ती प्रार्थना झाली असं मानायची. आजही मानते.

क्षमेच्या ओळीवर एक दिवस काहीतरी हललं. कसं ते सांगणं कठीण आहे, कारण बाहेर काहीच घडलं नव्हतं. मी नेहमीसारखी दादाची ती दफनविधीतली प्रार्थना मनात घोळवत होते, आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याबद्दलचं वचन समोर होतं. तेव्हा प्रथमच माझ्या ध्यानात आलं की हे वचन दादालाही लागू आहे. त्यालाही एक खोली आहे. तिथे दार लावल्यावर तो काय बोलतो, बोलतो की नाही, बाबांकडे का आला नाही हे तो देवाला कसं सांगतो, यातलं मला काहीही दिसत नाही. मला दिसली ती फक्त लोकांसमोरची प्रार्थना. आणि ज्याला त्याची खोली दिसते, त्याच्यासमोरच मी बसले आहे. त्या दिवशी मी दादाबद्दल देवाला काही सांगितलं नाही. पहिल्यांदाच विचारलं. तो कसा आहे? त्याला काय हवं आहे?

राग गेला नाही. पण त्यानंतर दादाचं नाव माझ्या तक्रारीतून निघून विनंतीत आलं, आणि ज्याच्यासाठी रोज मागायचं त्याच्यावर रोज तितकंच कडवट राहणं मला जमेना. काही दिवसांनी ती ओळ मी त्याचं नाव घेऊन म्हटली. आवाज लागला नाही, पण ती पुरी झाली. ऋण सोडलं म्हणजे ते ऋण नव्हतंच असा अर्थ होत नाही, हेही मी इथेच शिकले. बाबांजवळ तो नव्हता हे खरं आहे आणि ते मी देवापुढे आजही खरंच म्हणते. ते त्याच्याकडून वसूल करायचं मी सोडलं.

पवित्र शास्त्रातल्या, मूल व्हावं म्हणून झुरणाऱ्या हन्नेची गोष्ट मला अलीकडे फार जवळची वाटते. मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते पण आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून एली याजकाला वाटलं ही दारू प्यायली आहे. एवढ्या उघड्या जागी तिने आपल्यापुरतं दार लावून घेतलं होतं. मी परमेश्वरापुढे माझं मन ओतत होते, असं ती त्याला सांगते. मग उठून जाते, जेवते आणि तिचा चेहरा पुन्हा खिन्न राहत नाही. मूल अजून झालेलं नसतं. परिस्थितीत काडीचा फरक पडलेला नसतो. मन ओतून झालेलं असतं, एवढंच.

मला कुणी विचारलं, सुरुवात कशी करू, तर मी तेरावं स्तोत्र हातात देते. सहा वचनं, मोठ्याने, दार लावून. एखाद्या वचनापाशी गळा दाटला किंवा ते म्हणवेना, तर पुढे जायची घाई करायची नाही, तिथेच आपल्या शब्दांत बोलायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. वेळ थोडाच ठरवायचा, पण तो पाळायचा. आणि जवळ एक तरी माणूस असावं, मावशींसारखं, जे आपल्या प्रार्थनेचं कौतुक करणार नाही आणि आपल्याला घाबरवणारही नाही.

प्रार्थनासभेत मी पुन्हा मोठ्याने प्रार्थना करू लागले आहे. वाक्यं पूर्वीपेक्षा थोडी आणि तुटक येतात. दादाशी फोनवर बोलणं होतं. मध्यंतरी त्याने त्याच्या तब्येतीचं सांगितलं आणि प्रार्थना कर म्हणाला. मी करते. आम्ही दोघांनी एकत्र बसून प्रार्थना करणं अजून झालेलं नाही. मी ते मागते आहे.